डाव्या पंखाखालची अगरबत्ती

विमानाची किंमत ठरवायची म्हणजे काय करायचं, हे लातूरच्या माझ्या नातेवाइकांना मी आजवर समजावू शकलेले नाही. एका लग्नात, ऐन पंगतीत, मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "म्हंजी दलालीच ना?" शेजारच्या काकांनी त्यावर कडी केली. "घेणारा अन् विकणारा बघून घेतील की. मधी तुझं काय काम हाय?" मी जिलबी ताटात तशीच ठेवली आणि समजावायला लागले. दलालाला सौदा झाला तरच काही मिळतं. मला सौदा झाला काय नि मोडला काय, सारखंच. विमान जास्त किमतीचं ठरलं म्हणून माझी फी वाढत नाही; किमतीवर फी ठरवून घेणंच आमच्यात निषिद्ध आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तर लईच अवघड धंदा हाय." जिलबी तोवर गार झाली होती.

अवघड आहे हे खरं. आधी इंजिनिअरिंग केलं, मग विमानं दुरुस्त करणाऱ्या हँगरमध्ये काही वर्षं तेलानं हात काळे केले, मग मूल्यांककाची परीक्षा दिली. परीक्षेत आकडेमोड होतीच. इंजिन किती तास चाललंय, पुढची मोठी दुरुस्ती किती तासांवर आलीय, त्याप्रमाणे किंमत कशी खाली-वर होते, हे सगळं घोटून गेले होते. पण जवळजवळ अर्धा पेपर वागणुकीवर निघाला. विमान तुमच्या ओळखीच्या माणसाचं असेल तर काय कराल? मालकानं जेवायला बोलावलं तर? स्वतः न बघितलेल्या गोष्टीबद्दल काय लिहाल? सुरुवातीचे माझे अहवाल एक खडूस वरिष्ठ तपासायचे आणि लाल शाईनं भरून परत पाठवायचे. आणि पास झाल्यावरही सुटका नाही. दर काही वर्षांनी नवं शिकून आल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर नाव यादीतून जातं. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझे वडील मोठ्यानं हसले. "आपल्या लातूरच्या क्लाससारखंच की हे. संपतच न्हाई!"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते लातुरात शाळामास्तर होते, आणि आयुष्यात एकदा त्यांनीही मूल्यांककाचंच काम केलं होतं. फक्त त्या वेळी त्याला कुणी तसं म्हणालं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आमचं शहरातलं घर हललं, मांडणीवरची भांडी खाली आली, एका भिंतीला बारीक चीर गेली, पण घर राहिलं. तिकडे औसा-निलंग्याकडची गावंच्या गावं गेली. काही दिवसांनी मास्तरांना पंचनाम्याच्या कामाला लावलं. जिथं सगळंच गेलं होतं तिथं मोजायला काही उरलं नव्हतं. अण्णांच्या वाट्याला अर्धवट उभी राहिलेली गावं आली. घर पूर्ण पडलं, अर्धं पडलं की नुसत्या भेगा गेल्या, एवढं ठरवून लिहायचं. त्यावरून पुढची मदत. या कामाला त्यांची पात्रता काय, तर अक्षर चांगलं. ते स्वतःच तसं म्हणायचे.

एका गावात ते एका मावशींच्या घरासमोर उभे राहिले. घर ठणठणीत दिसत होतं. पांढऱ्या मातीनं ताजं सारवलेलं, उंबऱ्यापुढं रांगोळीची दोन बोटं. बरोबरचा कारकून म्हणाला, "मास्तर, भेगा. चला फुडं." अण्णांची एक रीत होती. दुःखाच्या घरी चहा घ्यायचा नाही, पण पाणी मागून प्यायचं. पाणी नाकारलं तर माणूस दुखावतो. त्यांनी पाणी मागितलं. मावशींनी आत बोलावलं, माठाजवळ नेलं. आत अंधार असायला हवा होता. तो नव्हता. बाहेरून सारवलेल्या भिंतीतून उन्हाच्या उभ्या रेघा आत आल्या होत्या, आणि आढं एका खांबावरून घसरून नुसतं टेकलं होतं.

अण्णांनी विचारलं, "मावशी, एवढं झालं असताना भिंत का सारवली?" त्या म्हणाल्या, "सरकारी पाव्हणे येणार म्हणले. असल्या भेगा दाखवाव्यात व्हय?" अण्णा लिहायला लागले तशा त्या चिडल्या. मी एवढं झाकलं, आणि हा माणूस माझं उघडं लिहून राहिला, असं त्यांना वाटलं. अण्णा म्हणाले, "मावशी, भिंतीचं लिहून राहिलो. तुमचं न्हाई."

ही गोष्ट अण्णांनी मला लहानपणी सांगितली ती भूकंपाची म्हणून. परीक्षेच्या पुस्तकात 'प्रत्यक्ष तपासणी' हे प्रकरण आलं तेव्हा ती पुन्हा आठवली. तिथं रूक्ष भाषेत लिहिलं होतं की मूल्यांककानं वस्तू स्वतः बघावी, बघितली नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं, आणि रंगरंगोटीवर विसंबू नये. मला मात्र तो माठ दिसत राहिला.

आता सरांबद्दल सांगायला हवं. सर म्हणजे माझे फिजिक्सचे सर. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात एकाएकी क्लासचं पेव फुटलं. हदगावपासून जळकोटपर्यंतची मुलं ट्रंका घेऊन यायला लागली. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची होती त्यानं तीत चार कॉट टाकल्या. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागले, त्यात काही चेहरे दोन-दोन क्लासच्या फलकांवर एकाच वेळी हसत होते. सरांचा क्लास त्या मानानं गरीब. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात भट्टी. पण सर शिकवायला लागले की पंखा बंद आहे हे लक्षात यायचं नाही. डेचकीतलं पाणी, सायकलचा पंप, पतंगाची शेपटी, असल्या गोष्टींतून ते आम्हाला दाब आणि वेग शिकवायचे. वाहत्या हवेचा वेग मोजायची नळी तर ते इतकी सुरेख काढायचे की पुसायला जीव व्हायचा नाही. नळीचं तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे; हवा आत शिरते आणि अडते; तिचा दाब बाहेरच्या शांत दाबाशी ताडून बघितला की वेग कळतो. प्रवेश परीक्षेत त्यावर हटकून एक गणित यायचं आणि सरांच्या पोरांचं ते चुकायचं नाही.

तास सुरू करण्याआधी सर फळ्याची पूजा करायचे. कुंकवाचं एक बोट, आणि फळ्याच्या लाकडी चौकटीला एक भोक होतं त्यात पेटती अगरबत्ती. ते भोक मुळात खिळ्याचं. पण सवय अशी की सर गप्पा मारता मारता न बघता अगरबत्ती बरोबर त्यात खोचायचे. परीक्षेच्या सकाळी मोटारसायकलच्या हँडलला, उद्घाटनाच्या दिवशी दाराच्या कडीला. कुठेही पूजा असली की सरांचा हात भोक शोधायचा. आम्ही पोरं त्यावरून फार हसायचो.

पुढे मोठे क्लास आले, काचेच्या इमारती आल्या, आणि सरांचं पत्र्याचं शेड ओस पडायला लागलं. दुसरा कुणी गप्प बसला असता. सरांनी शहराबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवायची शाळा काढली. "डॉक्टर झाले, इंजिनेर झाले. आता आपल्याकडचं पोरगं पायलट कामून होऊ ने?" असं ते सगळ्यांना विचारत फिरले. काही पालकांची मदत घेऊन दोन माणसं बसतील असं एक जुनं शिकाऊ विमान आणलं, शिकवायला एक निवृत्त वैमानिक आणला. काही वर्षं चाललं. मग वैमानिक आजारी पडून गावी गेले, दुसरं कुणी इकडे टिकेना, आणि शाळा बंद करायची वेळ आली. मला हे अण्णांकडून तुकड्यातुकड्यानं कळत होतं. वाईट वाटायचं.

मग विदर्भातल्या एका उड्डाणशाळेचा मला निरोप आला की लातूरच्या एका विमानाचं मूल्यांकन हवंय. ते विमान घेणार होते, आणि ते उडण्याजोगं असेल तर सरांकडे राहिलेल्या विद्यार्थ्यांचं उरलेलं शिक्षणही पूर्ण करून देणार होते. विमान उडण्याजोगं नसेल तर सुटे भाग म्हणून घेतील, आणि विद्यार्थी वाऱ्यावर. मी लगेच कळवलं की विमानाचे मालक माझे शिक्षक आहेत, हे चालणार नसेल तर दुसरं कुणी बघा. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं की सांगितलंत हे बरं केलंत, चालेल. दुसरं कुणी मिळालं नसणार. सरांकडे न शिकलेला माणूस त्या भागात शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधायची.

मुळात एकच विद्यार्थिनी राहिली होती. देगलूरची एक मुलगी, आधी सरांच्याच क्लासात फिजिक्स शिकलेली. बाकीच्यांनी दुसरीकडे सोय करून घेतली होती. हिचे परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास संपत आले होते, थोडेच राहिले होते, आणि दुसरीकडे नव्यानं सुरुवात करायची घरची ऐपत नव्हती. देगलूरच्या बाजारात तिच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सरांनी फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तिच्यासाठी तरी नीट बघ बाई." मी म्हटलं, "सर, नीटच बघते." त्यांना हवं होतं ते 'नीट' आणि माझं 'नीट' एकच आहे का, हे मी विचारलं नाही.

मी नांदेडला उतरले. सर गाडी पाठवणार होते, ती मी नको म्हटली आणि लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला आले. अण्णा भडकले. "घरच्या माणसाची गाडी सोडून एसटीत धक्के खाल्लेस? त्या परीक्षेनं डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं, "आणि तुम्ही पंचनाम्याला चहा का घेत नव्हता?" अण्णांनी माझी पिशवी उचलून आत ठेवली. मग म्हणाले, "पाणी तर पिशील ना त्यांच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावपट्टीवर गेले. दसरा नुकताच होऊन गेला होता, दारांवरची तोरणं वाळायला लागली होती. हँगर म्हणजे पत्र्याचं शेडच, सरांच्या क्लासपेक्षा थोडं मोठं. आत जाऊन बघते तर विमानाचा नवरदेव केलेला. झेंडूच्या माळा, नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, सगळं अंग धुऊन चकचकीत. पुढे टेबल, टेबलावर चादर, चादरीवर शाल आणि नारळ. सर नव्या झब्ब्यात. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"ये ये! आधी तुझा सत्कार, मग काम. आपली विद्यार्थिनी विमानाची परीक्षा घ्यायला आलीय, लातुरात असं कधी झालं व्हतं का?"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी यायच्या आधीच माझा सत्कार मांडून ठेवावा, असं आजवर कुणी केलं नव्हतं. पण तपासणीच्या आधी शाल अंगावर घ्यायची नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "सर, आज फक्त पाणी. सत्कार नंतर कधीतरी." त्यांचा चेहरा पडला. "नारळसुद्धा न्हाई? नारळात कसली लाच, बाई?" मी म्हटलं, "नारळसुद्धा नाही." त्यांनी शाल घडी करून नारळावर ठेवली. ते एवढं हळू केलं की मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात मला वास आला. चंदनाचा. वासाच्या मागे नजर गेली. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते, पिटो ट्यूब म्हणतात तिला. तिच्यातून धुराची एक बारीक रेघ वर चालली होती. नळीच्या तोंडात अगरबत्ती खोचलेली होती.

मी काही बोलायच्या आत देगलूरची मुलगी चहाचे कप घेऊन मागच्या दारानं आली. तिनं ते बघितलं. कप जमिनीवर टेकवले की टाकले कळलं नाही, पण ती "सर!" असं ओरडून धावली आणि तिनं काडी ओढली. काडी मोडली. अर्धी तिच्या हातात आली, अर्धी आत राहिली.

उभ्या असलेल्या विमानाच्या त्या नळीवर एक लाल टोपण घालून ठेवतात, धूळ-किडे जाऊ नयेत म्हणून. ते टोपण मला मग दिसलं. दारातल्या दोरीवर वाळत घातलेलं. सरांनी सांगितलं, "मळकं दिसून राहिलं व्हतं. तू येणार म्हणून धुवायला टाकलं." त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. पूजा करताना सरांच्या हातानं भोक शोधलं, एवढंच झालं होतं.

"चिमट्यानं निघंल की," सर म्हणाले. "काढून टाक अन् फुडचं बघ."

मी म्हटलं, "मी काढू शकत नाही सर. मी बघायला आलेय, दुरुस्त करायला नाही. आणि काडी निघाली तरी राख आत गेली असेल. पंखातली पूर्ण नळी परवानाधारक इंजिनिअरनं खोलून, साफ करून, तपासून सही दिली पाहिजे. तोवर मला लिहावं लागेल."

"काय लिहिशील?"

"जे दिसलं ते. नळीत बाहेरची वस्तू अडकलेली, आज या स्थितीत विमान उडण्याजोगं नाही."

सर चिडले. मला शिकवतानाही ते एवढे कधी चिडले नव्हते. "एका अगरबत्तीपायी? इंजिन चांगलं, पंख चांगले, सगळं चांगलं, अन् तू अगरबत्ती लिहिणार? ते लोक एक ओळ वाचतील अन् म्हणतील, भंगारात घाला. या पोरीचं काय? तुला शिकवलं ते याच्यासाठी का?"

मुलगी मोडकी काडी मुठीत धरून उभी होती. मला वाटलं ती माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं बघेल, आणि मी ती नजर चुकवायला तयारच होते. पण ती सरांकडे बघत होती. ती म्हणाली, "सर, तुमीच तर शिकवलं ना आमाला. ती वेगाची नळी. फळ्यावर."

सर वळले. मग ते पंखाखाली गेले. वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि त्या नळीकडे बघत राहिले. त्यांनी बोटानं हवेत तिची आकृती काढली. तोंड इकडे, हवा अशी येते, इथं अडते. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. तो हात मी फळ्यावर इतक्यांदा बघितला होता की पुढची रेघ कुठं जाणार हे मला आधीच कळत होतं. ती रेघ आली नाही. हात मध्येच थांबला.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच सर."

"मी कधी बघितलीच न्हाई गं," ते म्हणाले. "विमान आणलं, उडताना बघितलं, हार घातले. शिकवायचं काम त्या वैमानिकाचं म्हणून मी जवळ गेलोच न्हाई. फळ्यावरची अन् ही एकच, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई." मग मुलीकडे वळून, "वेगाचा काटा हलला नसता ना तुझा?"

"न्हाई सर," ती म्हणाली. "शून्यावरच राहिला असता."

सर चाकाजवळ खालीच बसले, नव्या झब्ब्यासकट. थोड्या वेळानं म्हणाले, "लिही. माझ्या हातानं झालं असं लिही. पोरीवर येऊ देऊ नको."

तेव्हा मला अण्णांच्या पंचनाम्यातल्या त्या मावशी आठवल्या. पाहुणे येणार म्हणून सारवलेली भिंत, आणि पाहुणी येणार म्हणून धुतलेलं टोपण. माझ्या धंद्याच्या नियमांवर मी आयुष्यभर कुरकुर केलीय. त्यांच्यापायी किती माणसं दुखावली याचा हिशोब नको. पण त्या दिवशी मला त्यातला एक नियम फार आवडला. आम्ही वस्तूची स्थिती लिहितो, दोष कुणाचा ते लिहीत नाही. ते आमचं कामच नाही.

"सर," मी म्हटलं, "अहवालात माणसाचं नाव नसतं. मी विमानाचं लिहितेय. तुमचं नाही."

पुढचा सगळा दिवस मी ते विमान बघितलं. मुलगी झाकणं उघडून देत होती, टॉर्च धरत होती, आणि विचारलं त्याचं सरळ उत्तर देत होती. इंजिनाचे तास नोंदींशी जुळले. पूर्वी कधी आपटल्याची खूण नव्हती. गंज एका ठिकाणी होता, तो लिहिला. अगरबत्तीबद्दल इंग्रजीत एक कोरडी ओळ लिहिली, आणि खाली जोडलं की ही अडचण दूर होऊन योग्य माणसाची सही झाली तर माझ्या मते विमान उडण्याजोगं ठरू शकतं, आणि मग त्याची किंमत अमुक. जेवायच्या वेळी मी अण्णांनी दिलेला डबा खाल्ला. सरांनी आग्रह केला नाही. फक्त दोनदा पाण्याचा तांब्या स्वतः आणून ठेवला.

अहवाल पाठवल्यावर मला झोप नीट लागेना. नियम पाळल्याचं समाधान वगैरे लोक म्हणतात, मला काही तसलं वाटलं नाही. त्या मुलीची वळलेली मूठ डोळ्यांसमोर यायची. खरेदीदारांनी भंगार म्हटलं असतं तर मी पुन्हा कधी लातूरच्या रस्त्यानं मान वर करून चालले असते का, मला सांगता येत नाही. पण त्यांचा फोन आला. त्यांचे प्रमुख म्हणाले, "बाई, जिनं अगरबत्ती लिहिली तिनं बाकीचं लपवलं नसणार. आम्ही आमचा इंजिनिअर पाठवतो." तो आला, नळी खोलली, काडी निघाली, राख निघाली. पंखातली नळी फुंकून साफ केली, दाब देऊन तपासली आणि सही दिली. विमान घ्यायचं ठरलं.

दिवाळीला मी घरी आले होते. विमान न्यायच्या दिवशी सरांनी मला बोलावलं. माझं काम संपलेलं होतं, व्यवहार पुरा झालेला होता, त्यामुळे गेले. माळा नव्हत्या. सर पंखाखाली उभे होते. लाल टोपण त्यांनी स्वतः काढलं, वाकून नळीच्या तोंडात बघितलं, मग मुलीला बघायला लावलं, मग मलाही. नव्या शाळेचे प्रशिक्षक उजव्या बाजूला बसले, मुलगी डाव्या. तिचे अब्बा देगलूरहून आले होते, ते इतका वेळ तिचं दार धरून उभे राहिले की शेवटी तिनंच हळूच ओढून घेतलं. विमान पळालं, उचललं, आणि पूर्वेकडे वळून बारीक होत गेलं.

सरांच्या हातात नारळ होता. मला वाटलं आता फोडतील. त्यांनी तो काखेत धरला. "पोचल्याबिगर न्हाई," म्हणाले. आम्ही तिघं रिकाम्या हँगरच्या पायरीवर बसलो. अब्बा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. सर कुणाकडेच बघत नव्हते.

ऊन चढलं तेव्हा सरांचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा समोर धरला. मुलगी पोचले म्हणाली नाही, नमस्कार म्हणाली नाही. पहिलंच वाक्य होतं, "सर, काटा हलला."

"बरं," सर म्हणाले. फोन त्यांनी अब्बांच्या हातात दिला आणि तोंड फिरवून रडले. मीही रडले.

मग त्यांनी पायरीच्या कडेवर नारळ फोडला, विमान गेल्यानं रिकाम्या झालेल्या त्या जागेत. "तुझ्या सत्काराचाच हाय हा," मला म्हणाले. "शालीखाली ठेवला व्हता तोच. आता तरी चालतंय का तुझ्या नियमात?"

"चालतंय सर," मी म्हटलं, आणि हात पुढे केला. खोबरं जरा जून झालं होतं, पण गोड होतं.